कॉर्ड आधी आली, थिअरी मागाहून

सांगली-मिरजेत गिटार शिकायला लागलेल्या मुलाला बहुतेक वेळा आधी जी, सी, डी आणि ई मायनर या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरसमूह, धरायला शिकवतात. बोटं कुठे ठेवायची ते त्याला समजतं, पण तिथेच का ठेवायची, ते कुणी सांगत नाही. घरात हार्मोनियमच्या परीक्षा दिलेलं कुणी असेल तर ते म्हणणार, ‘अरे, आधी स्वर शिक, मग वाजव.’ सल्ला रास्त आहे. गिटारचा इतिहास मात्र नेमका उलट्या क्रमाने घडला.

१५९६ साली स्पेनमधल्या जोआन कार्लेस आमात या डॉक्टरने पाच जोडतारांच्या गिटारवर एक छोटं पुस्तक लिहिलं. बारा सुरांवरच्या मेजर आणि मायनर कॉर्ड कशा धरायच्या, हे त्यात आकड्यांनी दाखवलेलं होतं. १६०६ मध्ये इटलीत मोंतेसार्दो या संगीतकाराने प्रत्येक शेपला, म्हणजे बोटांच्या ठेवणीला, एकेक अक्षर देणारी पद्धत छापली आणि पुढे गाण्याच्या शब्दांवर ती अक्षरं छापायची रीत पडली. आजही मुलं मोबाइलवर गाण्याच्या ओळींवर कॉर्ड बघतात, ती हीच रीत. कॉर्डचा मूळ स्वर कोणता आणि तिचे सूर खाली-वर केले तरी ती तीच का राहते, याची पद्धतशीर मांडणी फ्रान्समध्ये संगीतकार रामोने केली ती १७२२ मध्ये. बोटं शास्त्राच्या सव्वाशे वर्षं पुढे होती. तेव्हा शेप पाठ करून सुरुवात करण्यात कमीपणा मुळीच नाही. तिथेच थांबणं मात्र वाईट, आणि आपल्याकडे तर त्याला काही कारणच नाही, कारण लागणारं बहुतेक शास्त्र सरगमच्या रूपाने घरात आधीच आहे.

ई मेजर धरून बघा. ई ला सा माना. जाड तारेपासून सुरू केलं तर सहा तारांतून सा, प, सा, ग, प, सा असे सूर येतात. आता तिसऱ्या तारेवरची (तारा बारीक बाजूने मोजतात) तर्जनी उचला. बाकी सगळं जागच्या जागी राहतं, फक्त शुद्ध गंधाराचा कोमल गंधार होतो आणि ई मायनर वाजते. मेजर-मायनरमधला सगळा फरक त्या एका बोटाखाली आहे. हाच ई मेजरचा शेप एक घर पुढे सरकवून पहिल्या घरावर तर्जनी आडवी दाबली की एफ, म्हणजे नवशिक्यांना रडवणारी ती बार कॉर्ड. बिलावलचे सात शुद्ध स्वर घेऊन प्रत्येकावरून एकाआड एक असे तीन सूर उचलले, तर सा, म, प यांवर मेजर येते, रे, ग, ध यांवर मायनर, आणि नी वर डिमिनिश्ड ही तिसऱ्या प्रकारची कॉर्ड. असंख्य गाण्यांच्या कॉर्ड एवढ्यातच बसतात.

अडचण येते ती पडद्यांची. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे ठोकलेले असतात. पडदे कुठे बसवायचे यासाठी, ल्यूट या गिटारसारख्या तंतुवाद्याच्या संदर्भात, व्हिंचेन्झो गॅलिली, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ मध्ये एक हिशेब दिला: प्रत्येक घराला उरलेल्या तारेचा अठरावा भाग. सगळी घरं जवळपास सारख्या स्वरांतराची झाली आणि कुठलाही शेप कुठेही सरकवता येऊ लागला. त्याची किंमत गंधाराने मोजली. तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा आजच्या समान स्वरांतराचा (सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेला) गंधार अर्ध्या सुराच्या शंभरातले सुमारे १४ भाग चढा असतो.

हा चौदा भागांचा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांसाठी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब गायले. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या हार्मोनियमवर १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत वाद झाला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमच बंद केली, त्यामागेही पट्टीच्या ठरीव सुरांबद्दलची तक्रार होतीच. मिरजेत आजही सतारी-तानपुरे बनतात आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात कान तयार झालेल्या मुलाला गिटारचा गंधार खटकला, तर त्याचा कान बिघडलेला नाही.

तो मुलगा मग तिसरी तार किंचित उतरवतो. ई मेजर गोड लागते. लगेच सी वाजवली की तीच मोकळी तार पंचम असते, आणि तो पंचम उतरलेला लागतो. पुन्हा तार चढवावी लागते. म्हणून ट्यूनरवर सहाही तारा समान स्वरांतरात लावून सगळ्या कॉर्डमध्ये थोडी थोडी तडजोड सोसायची, ही गिटारची पद्धत.