'शिक्षण' नावाचा रकाना

२०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात जिल्हाधिकारी कचेरीवर एक मोर्चा गेला. बाशिंगं बांधलेले, काही चक्क घोड्यावर बसलेले तरुण, आणि गाऱ्हाणं एकच: लग्नाला मुलगी मिळत नाही. बातम्यांनी गंमत म्हणून दाखवलं, लोकांनी हसून पुढे पाठवलं. मोर्चेकऱ्यांचं बोट गर्भलिंगनिदानाकडे होतं आणि ते चुकीचं नव्हतं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३. म्हणजे आज बोहल्यावर चढायच्या वयाची पिढीच तुटीची. पण गावात टपरीवर विचारा, आकडे कोणी सांगत नाही. तिथे दोन शब्दांत उत्तर मिळतं: 'पोरी शिकल्या.'

त्या दोन शब्दांमागे दीडशे वर्षांहून मोठी गोष्ट आहे. लग्नाच्या बायोडेट्यात जन्मवेळ, रास, नाडी, गोत्र झालं की 'शिक्षण' येतं आणि लगेच खाली 'नोकरी / व्यवसाय'. हे दोन रकाने जोडून असतात म्हणून आपल्याला वाटतं की पदवीचा भाव एकच. तो तसा कधीच नव्हता. नोकरीच्या बाजारात पदवीचा एक दर, सोयरिकीच्या बाजारात दुसरा, आणि दोन्ही एकाच वेळी चढले असं फार थोडा काळ झालं.

सुरुवात १८५७ ची. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले, चारच जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. इतकी दुर्मीळ चीज असल्यावर नोकरीची ददात कसली? रानडे न्यायखात्यात चढत गेले, भांडारकर प्राध्यापक झाले. पण रानड्यांची १८७३ ची गोष्ट पाहा. पहिली पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, तेव्हा लोकांची अपेक्षा होती की हे विधवेशी लग्न करतील. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि रानड्यांनी मान तुकवली. कोर्टात दुसऱ्यांचे निवाडे करणाऱ्या पदवीधराला घरात स्वतःच्या लग्नाचा निवाडा करता आला नाही. मुलीला अक्षरओळखही नव्हती. मग त्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांचे टोमणे तिने सोसले, आणि त्यातून पुढे रमाबाई रानडे घडल्या.

पहिल्या पदवीधरांच्या संसारातली ही घरोघरची अडचण होती. नवरा इंग्रजी ग्रंथ वाचणारा, बायकोला सही येत नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, पुढे ते हुजूरपागा म्हणून ओळखलं गेलं. ते काढण्यात वर सांगितलेल्या चौघांपैकी तिघे होते: रानडे, भांडारकर, मोडक. हा मला नुसता योगायोग वाटत नाही. समाजसुधारणेची तळमळ होतीच, पण घरी बोलायला माणूस नाही हेही दुखणं असणार. तिथल्या इंग्रजी अभ्यासक्रमावर टिळकांनी टीका केली, मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवा म्हणून. म्हणजे भांडण मुळातच असं होतं की बाईचं शिक्षण कशासाठी, आणि दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर आधी संसारच होता, पगार नव्हे.

त्याच १८८४ साली मुंबई हायकोर्टात दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या. नंतर त्या आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, वाचू-लिहू लागल्या, आणि नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये 'नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग' असा हुकूम झाला. तुरुंग पत्करते, पण जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींनी पैसे घेऊन हक्क सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरतेत वर्षानुवर्षं दवाखाना चालवला. शिकलेली मुलगी अशिक्षित नवरा नाकारते, हे आज गावच्या टपरीवर नवलाईने सांगतात. कोर्टाच्या कागदांत ते तेव्हाच नोंदलं गेलंय.

ही सगळी वरच्या मजल्यावरची हकिकत. खालचं काय, ते जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे निवेदनात मांडलं होतं: शेतकऱ्याच्या साऱ्यातून उच्च शिक्षण चालतं, त्याचा लाभ मूठभर वरच्या जातींना होतो, आणि रयतेच्या प्राथमिक शाळेकडे कोणी बघत नाही. पदवीच्या किमतीवरचा हा आपल्याकडचा पहिला जमाखर्च म्हणायला हरकत नाही. आणि पदवी मिळवूनही भागत नाही हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९१७ मध्ये बडोद्यात अनुभवलं. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. घेऊन, लंडनला शिकून आलेल्या अधिकाऱ्याला गावात राहायला खोली मिळेना, आणि शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. सोयरिकीत तर हे कुंपण आणखी पक्कं. पदवीचा भाव चढला तो बहुतेक वेळा जातीच्या, पोटजातीच्या आतच चढला. 'उच्चशिक्षित' आणि 'स्वजातीय' हे शब्द जाहिरातीत शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

महर्षी कर्व्यांचा प्रयोग इथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. स्वतः एल्फिन्स्टनचे पदवीधर, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, १८९३ मध्ये विधवेशी लग्न करून मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसलेले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेत शिक्षण, इंग्रजी एक विषय म्हणून, शिवाय गृहजीवनशास्त्र, आरोग्य. बाईला पुढे गृहिणी आणि आई व्हायचं आहे, मग तिची पदवी पुरुषाच्या पदवीची नक्कल कशाला, हा त्यांचा विचार. आज खटकतो. पण त्या काळी ज्या घरांनी मुलीला मुंबई विद्यापीठाची पायरी चढू दिली नसती, त्यांनी इकडे पाठवलं. या पदवीला कायद्याची पुरती मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. तोवरच्या मुली सरकारदरबारी चालेल की नाही याची खात्री नसलेला कागद घेऊन बाहेर पडल्या, आणि तरी शाळांत शिक्षिका झाल्या. संसारासाठी दिलेली पदवी त्यांनी नोकरीला लावली.

खेड्यात मात्र बी.ए. दूरच, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी पास झालं तरी माणूस शाळामास्तर होई. मॅट्रिक म्हणजे तर साहेबच. रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं, साताऱ्याचं 'कमवा आणि शिका', औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय, शिक्षणमंत्री असताना बाळासाहेब देसायांनी आणलेली ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी सवलत, आणि १९५८ चं मराठवाडा, १९६२ चं शिवाजी ही विद्यापीठं. या सगळ्यांनी कॉलेज एस.टी.च्या टप्प्यात आणलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट हा शब्दप्रयोग तेव्हाचा. त्याच सुमारास दोन रकाने खऱ्या अर्थाने जुळले. बी.कॉम. झाला, टायपिंगचं चाळीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट काढलं, एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये कार्ड काढलं, कॉल आला, चिकटला. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा गावोगाव निघाल्या आणि 'मुलगा बँकेत आहे' एवढ्यावर सुपारी फुटू लागली.

मुलीच्या पदवीचा तेव्हाचा नियम साधा होता: शिकलेली हवी, पण मुलापेक्षा एक इयत्ता कमी. मुलगा बी.ए. तर मुलगी मॅट्रिक, मुलगा एम.ए. तर मुलगी बी.ए. जास्त शिकलेल्या मुलीला स्थळ मिळायचं नाही म्हणून एस.वाय.ला असताना उजवून टाकलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. माझ्या एका मावशीची पदवी शेवटच्या वर्षाच्या दोन पेपरांसाठी राहिली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा तिने त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नाव घातलं. नोकरी करायची नव्हती तिला. सूनबाई ग्रॅज्युएट येणार होती.

मग १९८३. तोवर इंजिनिअर व्हायचं तर पुणे, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगली, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी मोजकी ठिकाणं, आणि पंचाऐंशी टक्केवाला पोरगाही देव पाण्यात घालून बसायचा. वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. स्वतः फारसं न शिकलेल्या मुख्यमंत्र्याच्या एका निर्णयाने पदवी दुर्मीळ राहिली नाही. कर्नाटकात डोनेशन भरून जाणारी मुलं घराजवळ डोनेशन भरू लागली, एवढाच फरक, असं कुजकटपणे म्हणता येतं. पण नव्वदीनंतर हिंजवडीत आणि अमेरिकेत जी मराठी मुलं गेली त्यातली बरीचशी या कॉलेजांतलीच. बायोडेट्यात 'बी.ई.' आणि पुढे 'पॅकेज' हा नवाच शब्द आला. याच काळात मुलींचा नियम मोडला. दोघंही आयटीत, दोघांचे हप्ते मिळून फ्लॅट. आता मुलीची पदवी सासरच्या हिशेबात पगार म्हणून आली.

ग्रामीण भागात हेच डी.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या रूपाने घडलं, आणि तिथे ते फार लवकर फसलं. बारावीनंतर दोन वर्षं, मग जिल्हा परिषदेची शाळा. 'डी.एड. झालेली मुलगी पाहिजे' ही अट जाहिरातींत सर्रास होती, कारण सून दर महिन्याला पगार आणणार. डी.एड. कॉलेजं पिकासारखी उगवली. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत, म्हणजे शाळांत खरोखर किती मुलं आहेत याच्या तपासणीत, कागदावरचे विद्यार्थी उघडे पडले, शिक्षक जास्त ठरले, २०१२ पासून भरती थांबली. ज्यांनी शेत विकून मुलीला, मुलाला डी.एड. केलं होतं त्यांच्या हातात टीईटीचं, शिक्षक पात्रता परीक्षेचं वेळापत्रक उरलं. आज ती कॉलेजं एकेक करून बंद होतात. त्या काळात जमलेली लग्नं अर्थातच तशीच आहेत.

नोकरीच्या बाजूचा आजचा भाव सांगायला दोन आकडे पुरे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. निरक्षर माणसाला रिकामं बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो, हे त्यामागचं एक कारण. पदवीवाला थांबतो: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, जाहिरात येईपर्यंत. दुसरा आकडा २०२४ च्या पोलीस भरतीचा. १७,४७१ जागा, सतरा लाखांवर अर्ज. पात्रता बारावी, आणि मैदानावर धावणाऱ्यांत इंजिनिअरसुद्धा.

म्हणजे नोकरीत भाव उतरला. लग्नात उतरला का? उलट झालं. शिक्षण शेजारच्या गावापर्यंत आलं तशा मुली एस.टी.च्या पासावर कॉलेजात गेल्या, भाऊ मात्र दहावी-बारावीनंतर ट्रॅक्टरवर किंवा चुलत्याच्या टेम्पोवर. बी.एस्सी. झालेल्या मुलीने पाहिलंय की तिच्या आईने पहाटे गोठ्यात काय काढलं. तिला त्या घरात जायचं नाही, आणि तिच्या आईलाही तिला तिथे द्यायचं नाही. मागणी काय असते तर मुलगा पुण्यात नोकरीला आणि गावाकडे बागायत. शेती पाहिजे पण शेतकरी नको, असं मुलाचे बाप चिडून म्हणतात. तो चिडणारा बाप स्वतःच्या मुलीसाठी तेच शोधत असतो. चार एकर द्राक्षबाग चालवणारा, दहा माणसांना रोजगार देणारा बारावी पास मुलगा मागे राहतो आणि बारा-पंधरा हजारांवर कंपनीत कंत्राटी लागलेला डिप्लोमावाला पसंत पडतो. यात पैशाचा हिशेब दिसत नाही. पदवी इथे दुसरंच काही सांगते: शेण नाही, सासऱ्याच्या हाताखाली खर्चाला हात पसरणं नाही, महिन्याची तारीख ठरलेली. अवकाळी आणि कर्जाचा हिशेब पाहिलेल्या घराने असा विचार केला तर त्याला मूर्ख म्हणवत नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. मुलींचा रकाना आणखी लांब होईल.

मुलांचं काय चाललंय ते वधू-वर मेळाव्यात दिसतं. बायोडेट्यावर फोटो, उंची, 'बागायत ६ एकर, विहीर, बोअर', आणि शिक्षणापुढे 'बी.ए. (शिकत आहे)'. वय एकतीस. खोदून विचारलं की कळतं, मुक्त विद्यापीठात याच वर्षी नाव घातलंय, पुस्तकं अजून आलेली नाहीत.