शिकाऊ हाताला चांगली गिटार कशाला?

“आधी स्वस्त गिटारीवर बोटं घट्ट होऊ द्या, चांगली मग घ्या.” हौशी वादकाला हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो उलटा आहे. बोटं सोलवटतात, एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा स्वरमेळ) नीट वाजत नाही, ते बहुतेकदा तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) फार उंच असल्यामुळे.

बाराव्या फ्रेटवर स्टीलची मोजपट्टी उभी धरून मोजा. जाड सहावी तार फ्रेटच्या माथ्यापासून साधारण 2.4 मिमी, बारीक पहिली 1.6 ते 1.8 मिमी वर हवी. सहावी साडेतीनवर असेल तर कितीही रियाज करा, त्रास राहणारच. मग तार तिसऱ्या फ्रेटमागे दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. जेमतेम कागदाएवढी फट हवी. जास्त असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत आणि एफ तिथेच अडतोय. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायला सॅडल (दुसऱ्या टोकाला, गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती पट्टी) तळातून एक मिमी घासावा लागतो. त्यासाठी ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पिळू नका, तो मानेचा बाक सुधारायला असतो.

महाग गिटारही दुकानातून सेटअपशिवाय, म्हणजे तारांची उंची जुळवल्याशिवाय, येऊ शकते, हे मोजूनच घ्या. पैसे सार्थकी लागतात ते स्प्रूस किंवा सीडरच्या सॉलिड टॉपला, म्हणजे अखंड लाकडाच्या वरच्या फळीला. शिंपल्याची नक्षी निव्वळ हौस. मात्र हा टॉप मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओल धरून ब्रिजमागे (सॅडल बसवलेल्या लाकडी तुकड्यामागे) फुगतो, तारा पुन्हा वर जातात. गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलसह ठेवा, आत हायग्रोमीटर टाका. आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी.