सुप्त क्षय : टी पेशी किती, आणि कुठे?

क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे क्षयरोग झालाच असे नाही. जगातल्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला असावा, असा अंदाज आहे. त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांनाच पुढे कधीतरी रोग होतो. उरलेल्यांच्या शरीरात जंतू रोग न करता दबून राहतो, तो सुप्त क्षय. त्याला तिथे कोण रोखते, हे बरेचसे उंदरांमुळे कळले.

खरे तर उंदराला माणसासारखा सुप्त क्षय सहसा होत नाही. त्याच्या फुफ्फुसात जंतू लाखांच्या संख्येने टिकून राहतात आणि अखेर तो दगावतो. म्हणून उंदरात तशी सुप्त अवस्था आणायला १९५०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी संसर्ग झालेल्या उंदरांना आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही क्षयाची औषधे दिली. उपचारांनंतर अवयवांत एकही जंतू सापडेना. काही महिन्यांनी मात्र बऱ्याच उंदरांत तो पुन्हा वाढला. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दाबली, तर आणखी उंदरांत.

जंतू आधी फुफ्फुसातल्या भक्षक पेशींच्या पोटात जातो आणि तिथेच तग धरतो. त्याची खबर लसीका ग्रंथीत पोहोचायलाच आठवडा उलटतो, आणि टी पेशी (जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) फुफ्फुसात येईपर्यंत दोन-तीन आठवडे. त्या इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारे प्रथिन सोडतात, मग भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवून जंतूला आवरतात. हे इंटरफेरॉन बनवू न शकणारे उंदीर काही आठवड्यांतच मेले, हे १९९३ साली दिसले. जुन्या संसर्गात सीडी४ या प्रकारच्या टी पेशी काढून टाकल्या किंवा टीएनएफ हे प्रतिकारशक्तीचे दुसरे संदेशरसायन अडवले, तरी जंतू उसळतो. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत क्षय उफाळला, तो याचमुळे.

मग जितक्या जास्त टी पेशी आणि जितके जास्त इंटरफेरॉन, तितके बरे? मला सर्वांत मोलाचे वाटते ते इथले उत्तर: नाही. टी पेशींना लगाम घालणारा पीडी-१ हा रेणू नसलेले उंदीर क्षयाने उलट लवकर मरतात, कारण बेलगाम टी पेशी फुफ्फुसाचीच नासधूस करतात. शिवाय भरपूर इंटरफेरॉन बनवणाऱ्या अनेक टी पेशी रक्तवाहिन्यांतच राहतात. जंतूला जास्त चांगले आवरतात त्या फुफ्फुसाच्या ऊतीत शिरलेल्या, कमी इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशी.

लसींची परीक्षा मात्र बहुधा रक्तातल्या इंटरफेरॉनवरून होते. एमव्हीए८५ए या लसीने दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांच्या रक्तात टी पेशींचा प्रतिसाद जागवला होता. २०१३ साली चाचणीचे निकाल आले, तेव्हा क्षयाच्या नेहमीच्या बीसीजी लसीपेक्षा अधिक संरक्षण काही मिळालेले दिसले नाही.