एका सशात दोन प्रकारचं मटण

‘सशाचं मटण म्हणजे नुसता चोथा’ असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. खोदून विचारलं की कळतं, त्यांनी ससा बोकडासारखा शिजवलेला असतो. खाटकाकडून सारखे तुकडे करून घ्यायचे, वाटण परतायचं, सगळं एकदम कुकरमध्ये टाकायचं आणि वर ‘दोन शिट्ट्या जास्त काढू’. माल्टात कोणी असं केलं, तर तिथल्या आज्या त्याला स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकू देणार नाहीत. भूमध्य समुद्रातल्या त्या चिमुकल्या बेटांवर सशाचा रस्सा ही देशाची ओळख आहे. वाइन, लसूण, टोमॅटो आणि तमालपत्र घालून तो मंद आचेवर निवांत रटरटत ठेवतात, आणि २९ जूनच्या इम्नार्या सणाला तर सशावाचून पान हलत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्या माळरानावर उड्या मारणारा ससा या लेखात नाही. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. फार्मवर वाढवलेला ससा वेगळ्याच प्रजातीचा, त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. इथे बोलायचं ते त्याच्याबद्दल.

या सशाच्या पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना लांबट, फिकट गुलाबी स्नायू असतात. त्यांत चरबी जेमतेम एक-दोन टक्के आणि स्नायूंना बांधून ठेवणारी जोडऊतीही फार थोडी. पाय मात्र दिवसभर राबतात. मांडीच्या स्नायूंभोवती आणि सांध्यांशी पांढुरक्या पडद्यांचं जाळं असतं. हे जाळं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं, आणि मटण चिवट की मऊ याचा बराचसा फैसला तेच करतं.

कोलॅजेनचा रेणू ही माझी आवडती गोष्ट, तेव्हा जरा थांबू. प्रथिनाच्या तीन साखळ्या, प्रत्येकीत सुमारे हजार अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी. प्रत्येक साखळी डावीकडे पिळलेली आणि तिन्ही मिळून पुन्हा उजवीकडे पिळलेल्या, अगदी सुंभाच्या दोरासारख्या. ही रचना आधी मांडली ती मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी, १९५४ आणि १९५५ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात. त्यासाठी त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं होतं कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) कोलॅजेन! साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. पिळाच्या आतल्या बाजूला जागाच इतकी अपुरी की तिथे फक्त हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल मावतं. बाहेरच्या बाजूला प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन ही अमिनो आम्लं पीळ ताठ ठेवतात. शेजारशेजारचे रेणू आडव्या बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात. कोवळ्या सशात हे बंध कच्चे, उष्णतेनं सुटणारे. वय वाढेल तसे ते पक्के होत जातात आणि मग उष्णतेला दाद देत नाहीत. तीनेक महिन्यांचा ससा तासाभरात शिजतो आणि पिल्लं देऊन म्हातारी झालेली मादी तीन तास घेते, ते यामुळेच.

आता पातेलं चुलीवर ठेवू. साधारण ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान कोलॅजेनचा पीळ सुटू लागतो आणि तंतू आकसतात. ओला कपडा पिळावा तसं मांसातलं पाणी बाहेर येतं. या टप्प्यावर चाखून बघितलं तर तुकडा आधीपेक्षा चिवट लागतो. इथेच घाबरून लोक आच वाढवतात. वाढवू नये. ८०-९० अंशांवर, म्हणजे कडेला एखादा बुडबुडा येईल इतक्याच आचेवर, तासभर धीर धरला की सुटलेल्या साखळ्या पाण्यात विरघळून जिलेटिन होतं. स्नायूंच्या तंतूंतलं गेलेलं पाणी परत येत नाही, पण जिलेटिन त्यांच्यामध्ये पसरतं आणि घास ओलसर, लुसलुशीत लागतो. उरलेला रस्सा रात्री फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तो थरथरता गोळा झालेला असेल.

(यावरून आठवलं. हेच जिलेटिन आणखी बारीक तोडून ‘त्वचा तरुण ठेवणारं कोलॅजेन’ म्हणून डब्यांत भरून विकतात. पोटात गेल्यावर त्याची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, आणि ते गालावरच जाऊन बसावेत असा काही पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो. सशाच्या रक्ताचं केसवाढीचं तेल विकणाऱ्यांना तर एवढंही स्पष्टीकरण द्यावंसं वाटत नाही.)

कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. कोलॅजेन झटपट विरघळतं हे खरं, पण स्नायूंचे तंतूही करकचून आवळले जातात, आणि ते झाकायला सशाकडे बोकडासारखी चरबी नाही. म्हाताऱ्या सशाच्या पायांना कुकर चालेल. पाठीला अजिबात नाही, कारण तिथे विरघळायला कोलॅजेनच फारसं नाही. ती जितकी जास्त शिजेल तितकी कोरडी. अमेरिकी कृषी खातं सशासाठी ७१ अंश पुरेसे मानतं. पाठीचे तुकडे तिथवर पोचले की उतरवावेत.

रात्रभर दही लावल्यानं मटण आतपर्यंत मुरतं, हाही एक गोड समज. दही-हळद-मसाला वरच्या काही मिलिमीटरपुढे सरकत नाही. कच्ची पपई वरचा थर लिबलिबीत करते आणि आतलं होतं तसंच राहतं. खोलवर जातं ते मीठ. किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर ते तंतूंतली प्रथिनं थोडी सैल करतं आणि शिजताना पाणी धरून ठेवायला मदत करतं.

चव हवी तर तेलात हात आखडू नका. मसाल्यांतले बरेचसे वास तेलात विरघळतात आणि सशाची स्वतःची चरबी त्याला पुरत नाही. पाय आधी कोरडे पुसून तांबूस होईपर्यंत परता, मग वाटण, मग गरम पाणी. पाठीचे तुकडे शेवटच्या दहा मिनिटांत घाला. आणि खाटकाला सुरा सांध्यांतूनच चालवायला सांगा. सशाची हाडं बारीक असतात, सत्तुराचा घाव बसला की त्यांच्या टोकदार किरचा होतात आणि रस्सा भुरकताना नेमक्या घशात टोचतात.