विलमधली देणगी आणि ब्रिटनचा टॅक्स: हे सगळं आलं कुठून

ब्रिटनमध्ये राहणारं कुणी विल करायचं मनावर घेतलं की कधी ना कधी हा नियम कानावर येतोच, की आपल्या इस्टेटीतला टॅक्स लागू होणारा जो भाग आहे त्यातला किमान १० टक्के चॅरिटीला ठेवला तर उरलेल्यावर ४० ऐवजी ३६ टक्केच इनहेरिटन्स टॅक्स, म्हणजे वारसा कर, लागतो. बऱ्याच जणांना वाटतं ही चॅरिटीवाल्यांची जाहिरात आहे. नाही, सरकारचाच नियम आहे आणि ६ एप्रिल २०१२ पासून होणाऱ्या मृत्यूंना लागू आहे. पण मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ते ४ टक्के वाटत नाहीत. विलक्षण हे की याच देशात शेकडो वर्षं मरणाऱ्या माणसाच्या दानाकडे राज्यकर्ते संशयानं बघायचे, आधी अडवायचे, मग त्यावर टॅक्स लावायचे, आणि सूट द्यायला लागले ते अगदी अलीकडे. ही उलटापालट कशी झाली ते नीट कळलं ना तर आजचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप समजतात.

सुरुवात १२७९ पासून करावी लागते. तेव्हा राजा होता पहिला एडवर्ड. त्या काळी जमीन राजाकडून किंवा मोठ्या सरदाराकडून धरलेली असायची, आणि धरणारा मेला की वारसानं वरच्याला पैसे भरायचे, वारस अज्ञान असेल तर तो मोठा होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न वरच्याकडे जायचं. म्हणजे मृत्यू हाच टॅक्सचा प्रसंग होता. आता तीच जमीन कुणी चर्चला देऊन टाकली तर? चर्च मरत नाही, त्याला अज्ञान वारस नसतो, एकदा जमीन गेली की राजाचं उत्पन्न कायमचं बंद. म्हणून कायदा आला, परवानगीशिवाय चर्चला जमीन द्यायची नाही. त्या कायद्याचं नाव मॉर्टमेन, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मेलेला हात, ज्या हाताची पकड कधी सुटत नाही असा. लोकांनी वाट काढली, जमीन विश्वासातल्या माणसांच्या नावावर करायची आणि त्यांनी ती दुसऱ्याच्या भल्यासाठी सांभाळायची. आज आपण ज्याला ट्रस्ट म्हणतो त्याचं मूळ या व्यवस्थेत आहे. आठव्या हेन्रीनं १५३५ च्या कायद्यानं ही वाट बंद करायचा प्रयत्न केला, जमीनदार खवळले, आणि १५४० मध्ये जमीन विलनं देण्याचा हक्क बऱ्याच प्रमाणात द्यावा लागला.

मधल्या काळात हेन्रीनं मठ बंद केले, त्यामुळं गरिबांना आणि आजाऱ्यांना जी थोडीफार मदत मिळायची तीही गेली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे एलिझाबेथ राणीच्या वेळचा १६०१ चा कायदा. खरं तर तो दानाच्या पैशांचा गैरवापर होतोय का हे तपासायला केलेला होता, पण त्याच्या प्रस्तावनेत दान म्हणजे काय काय याची यादी आहे आणि कायद्यापेक्षा ती यादीच जास्त जगली. म्हातारे, अपंग, गरीब, जखमी सैनिक आणि खलाशी, शाळा, अनाथ मुलं, पूल, बंदरं, रस्ते, गरीब मुलींची लग्नं, कैदेत पडलेल्यांची सुटका, आणि शेवटाकडे चक्क गरीब रहिवाशांना टॅक्स भरायला मदत. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर थांबलो होतो, कारण टॅक्स आणि दान यांचं नातं इतकं जुनं असेल असं वाटलं नव्हतं.

मग १७३६ साली पुन्हा ब्रेक लागला. या वेळी काळजी राजाच्या उत्पन्नाची नव्हती, वारसांची होती. मरणाच्या दारात असलेला माणूस घाबरून किंवा कुणाच्या दबावाखाली सगळी जमीन धर्मकार्याला देऊन टाकतो आणि पोरंबाळं उघडी पडतात, असं पार्लमेंटचं म्हणणं. त्यामुळं चॅरिटीला विलनं जमीन देणंच रद्दबातल ठरवलं. द्यायचीच तर जिवंतपणी, रीतसर दस्त करून, मृत्यूच्या किमान १२ महिने आधी, आणि दस्ताची नोंद ६ महिन्यांच्या आत. हा कायदा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बराच सैल झाला तरी मॉर्टमेनचे नियम पूर्ण संपले ते १९६० मध्ये. १२७९ ते १९६०, हिशोब करून बघा.

आता टॅक्सकडे. इन्कम टॅक्स १७९९ मध्ये पंतप्रधान विल्यम पिटनं नेपोलियनच्या काळातल्या युद्धाच्या खर्चासाठी आणला आणि पहिल्यापासून चॅरिटीच्या उत्पन्नाला त्यातून वगळलं. पण नीट बघा, ही सूट संस्थेला होती, देणाऱ्याला नाही. देणाऱ्यानं आपला टॅक्स भरायचा आणि उरलेल्यातून द्यायचं. ही व्यवस्था साठेक वर्षं कुणी फार तपासली नाही, आणि मग १८६३ च्या बजेटमध्ये तेव्हाचा चान्सलर, म्हणजे अर्थमंत्री, ग्लॅडस्टननं प्रश्न टाकला जो आजही तसाच उभा आहे. त्याचं म्हणणं असं, की चॅरिटीला टॅक्स माफ करणं म्हणजे सरकारी तिजोरीतून पैसे देणंच आहे, कारण तेवढा बोजा बाकीच्या करदात्यांवर पडतो, आणि बाकी कुठलाही सरकारी खर्च पार्लमेंटमध्ये मंजूर होतो, त्याची तपासणी होते, हा मात्र आपोआप होतो आणि कुणी हिशोब विचारत नाही. त्याला सूट काढायची होती. बिशप, सरदार, हॉस्पिटलं चालवणारे अशी सगळी मोठी माणसं शिष्टमंडळ घेऊन त्याच्या दारात उभी राहिली आणि त्याला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. मला स्वतःला ही सूट हवीच आहे, पण ग्लॅडस्टनचा मुद्दा खोडून काढता येतो असं मला वाटत नाही. करसवलतीतून जे जातं त्यात थोडे पैसे शेजाऱ्याचेही असतात, हे देणाऱ्यानं आणि त्याहून जास्त संस्थेनं लक्षात ठेवायला हवं.

सूट राहिली तर मग चॅरिटी म्हणायचं कशाला? हे १८९१ मध्ये पेमसेल केसमध्ये ठरलं. टॅक्स खात्याचं म्हणणं होतं की चॅरिटी म्हणजे गरिबांना मदत, आणि मोरेव्हियन चर्च या ख्रिस्ती पंथाचं मिशनरी काम त्यात बसत नाही. न्यायाधीश लॉर्ड मॅक्नॉटननं चार गट सांगितले: गरिबी दूर करणं, शिक्षण, धर्म, आणि समाजाच्या भल्याची इतर कामं. हे करताना आधार १६०१ च्या त्या यादीचाच होता. २००६ च्या कायद्यात या चार गटांचे तेरा झाले, पण सांगाडा तोच.

देणाऱ्याला फायदा मिळायला लागला तो जवळपास अपघातानं. कोव्हेनन्ट नावाचं करारपत्र असायचं, म्हणजे मी दरवर्षी इतके पैसे अमुक व्यक्तीला देईन असं लिहून दिलं की कायद्यानं तेवढं उत्पन्न माझं राहत नाही, त्या व्यक्तीचं होतं. लोक याचा उपयोग घरातल्या घरात उत्पन्न फिरवायला करायला लागले म्हणून १९२२ च्या फायनान्स अ‍ॅक्टनं अट घातली, करार सहा वर्षांपेक्षा जास्त काळाचा असेल तरच चालेल. आणि चॅरिटीवाल्यांच्या लक्षात आलं की सात वर्षांचा करार केला तर तेवढं उत्पन्न चॅरिटीचं, चॅरिटीला टॅक्स माफ, म्हणजे देणाऱ्यानं भरलेला टॅक्स संस्थेला परत मागता येतो! पुढची कित्येक दशकं ब्रिटनमधल्या चॅरिटी या सात वर्षांच्या करारावर चालल्या. टॅक्स चुकवणाऱ्यांना आवर घालायला केलेल्या कलमातून दानाची सवलत निघाली. १९४६ मध्ये जास्त दरानं टॅक्स भरणाऱ्यांचा वरचा फायदा काढून घेतला, १९८० मध्ये तो परत आला आणि मुदत तीन वर्षांहून जास्त असली तरी चालेल असं झालं, म्हणून मग चार वर्षांचे करार सुरू झाले.

१९८७ पासून पगारातून थेट देणगी कापायची सोय आली, टॅक्स लागायच्या आधीच पैसे जातात ती. आणि १ ऑक्टोबर १९९० ला आलं गिफ्ट एड, म्हणजे लांब मुदतीच्या कराराशिवायही देणाऱ्यानं भरलेला टॅक्स संस्थेला परत मागता येईल अशी सोय, जॉन मेजर चान्सलर असताना. तेव्हा एकरकमी किमान ६०० पौंड द्यावे लागायचे, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच. ही रक्कम टप्प्याटप्प्यानं २५० वर आली आणि एप्रिल २००० मध्ये गॉर्डन ब्राऊनच्या काळात किमान रकमेची अटच गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात लोकशाही बदल हाच, कारण त्या दिवसापासून पाच पौंड देणाऱ्या टॅक्सपेयरलाही तोच नियम लागू झाला जो आधी फक्त श्रीमंतांना परवडायचा. शेअर बाजारात नोंदलेले (लिस्टेड) शेअर्स दिले तर इन्कम टॅक्समध्ये सूटही २००० पासूनच.

हिशोब सोपा आहे पण चुकतो बऱ्याच जणांचा. तुम्ही १०० पौंड दिले, गिफ्ट एडच्या डिक्लरेशनवर टिक केली, की संस्था सरकारकडून २५ पौंड मागते. २० का नाही? कारण टॅक्स कापायच्या आधी ते १२५ होते, त्याचे २० टक्के म्हणजे २५. तुम्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर अजून २५ पौंड तुम्हाला स्वतःला मिळतात, पण ते मागावे लागतात, आपोआप येत नाहीत. आणि एक कळकळीनं सांगतो, तुम्ही त्या वर्षी तेवढा टॅक्स भरलेलाच नसेल तर टिक करू नका, फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. रिटायर झालेल्या आईवडिलांच्या नावानं देणगी देताना हे हमखास विसरलं जातं.

मृत्यूवरच्या टॅक्सची गोष्ट मात्र वेगळ्या रुळावर चालली. १८९४ मध्ये चान्सलर विल्यम हार्कोर्टनं मृताच्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी आणली, आणि त्यात विलनं चॅरिटीला दिलेल्या पैशांना सरसकट माफी नव्हती. म्हणजे चॅरिटीच्या उत्पन्नाला टॅक्स माफ, पण तिला मरताना ठेवलेल्या पैशांवर ड्यूटी, असं पाऊणशे वर्षांहून जास्त चाललं. १९७२ मध्ये पहिल्यांदा ५०,००० पौंडांपर्यंत माफी मिळाली, पुढं मर्यादा वाढत गेली, आणि १९८३ मध्ये मर्यादाच काढली. म्हणजे आज आपण जे गृहीत धरतो, की चॅरिटीला ठेवलेल्या पैशांवर इनहेरिटन्स टॅक्स शून्य, ते पूर्णपणे खरं व्हायला १९८३ उजाडलं. इनहेरिटन्स टॅक्स हे नाव तर १९८६ चं.

मग २०१२. जॉर्ज ऑस्बोर्न चान्सलर. त्या एप्रिलमध्ये ३६ टक्क्यांचा नियम लागू झाला, आणि त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, मार्चच्या बजेटमध्ये, त्याच चान्सलरनं जाहीर केलं होतं की इन्कम टॅक्समधल्या सवलतींवर मर्यादा येणार, ५०,००० पौंड किंवा उत्पन्नाच्या २५ टक्के यातलं जे जास्त असेल ते, आणि देणग्याही त्यात धरणार. १८६३ चीच गोष्ट पुन्हा घडली. चॅरिटी, युनिव्हर्सिटी, मोठे देणगीदार सगळे उठले आणि ३१ मेला देणग्या त्यातून वगळल्या. दीडशे वर्षांत दोन चान्सलरांनी हात घातला आणि दोघांनीही काढून घेतला.

३६ टक्क्यांचा हिशोब एकदा मांडून बघू, कारण आकड्यांशिवाय पटत नाही. समजा इस्टेट ५,२५,००० पौंडांची, जोडीदार नाही, आणि घर मुलांना देताना मिळणारी जास्तीची सूट इथे लागू नाही. पहिल्या ३,२५,००० वर टॅक्स नाही, ही मर्यादा २००९ पासून तीच आहे. उरले २,००,०००. चॅरिटीला काहीच ठेवलं नाही तर टॅक्स ८०,००० आणि वारसांना ४,४५,०००. आता १० टक्के म्हणजे २०,००० चॅरिटीला ठेवले, तर १,८०,००० वर ३६ टक्के म्हणजे ६४,८०० टॅक्स, वारसांना ४,४०,२००. चॅरिटीला मिळाले २०,००० आणि वारसांचे कमी झाले फक्त ४,८००. आता पुढचं बघा, कुणी विलमध्ये फक्त ८,००० ठेवले असते, म्हणजे ४ टक्के, तर टॅक्स ७६,८०० आणि वारसांना तेच ४,४०,२००! म्हणजे ज्यानं आधीच ४ टक्के ठेवलेत त्यानं १० टक्के केले तर घरच्यांचा एक पैसाही कमी होत नाही. म्हणूनच ठरावीक रक्कम लिहिण्यापेक्षा टक्केवारीत लिहिणं बरं पडतं, घराच्या किमती वाढल्या की ठरावीक रक्कम १० टक्क्यांच्या खाली जाते. आणि विलमध्ये राहून गेलं असेल तर मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत वारस बदलाचं पत्र करून आपल्या वाट्यातलं चॅरिटीला देऊ शकतात, तेही धरलं जातं, फक्त चॅरिटीला कळवल्याचा पुरावा लागतो.

एक गोष्ट परदेशातून आलेल्यांनी जरूर बघावी. काही वर्षं युरोपियन युनियन आणि आसपासच्या काही देशांतल्या चॅरिटींनाही ही सवलत होती, एप्रिल २०२४ पासून ती फक्त ब्रिटनच्या चॅरिटींना उरली. भारतातल्या संस्थेचं नाव थेट विलमध्ये लिहिलं तर टॅक्समाफी मिळत नाही, त्यासाठी ते काम करणारी ब्रिटनमध्ये रजिस्टर असलेली चॅरिटी शोधावी लागते.

आणि १७३६ ची ती काळजी, वारसांचं काय? तिचं उत्तर आता देणगी अडवून दिलं जात नाही. १९३८ पासून, आणि आता १९७५ च्या कायद्यानं, जवळची माणसं कोर्टात जाऊन इस्टेटीतून वाजवी तरतूद मागू शकतात. २०१७ मध्ये ब्लू क्रॉस आणि प्राण्यापक्ष्यांसाठी काम करणाऱ्या दुसऱ्या दोन संस्थांविरुद्ध एका मुलीची केस सुप्रीम कोर्टात पोचली. आईनं जवळपास सगळं या चॅरिटींना ठेवलं होतं. मुलीला ५०,००० पौंड मिळाले, खालच्या कोर्टानं त्याहून बरेच जास्त दिले होते ते सुप्रीम कोर्टानं कमी केले. निकालात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: चॅरिटींचं काम मोठ्या प्रमाणात अशा विलमधल्या देणग्यांवर चालतं, आणि मरणाऱ्या व्यक्तीनं ज्यांची निवड केली त्या चॅरिटींना आपली गरज सिद्ध करावी लागत नाही.