म्हाताऱ्या कुत्र्याची लघवी: निदान कसं होतं?

दहा-अकरा वर्षांचं कुत्रं घरात लघवी करू लागलं की 'वय झालं त्याचं' म्हणून फरशी पुसून विषय संपवला जातो. हे मला फार खटकतं. वय हा काही आजार नाही, आणि यामागची बरीच कारणं औषधांनी आटोक्यात येतात. मात्र आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: लघवी नकळत गळते आहे, थोडी थोडी सारखी होते आहे, की मुळात जास्तच तयार होते आहे? हे डॉक्टरांपेक्षा घरातल्या माणसांनाच चांगलं सांगता येतं.

झोपेतून उठल्यावर अंथरूण ओलं, पण बाहेर नेल्यावर लघवी अगदी नेहमीसारखी, असं नसबंदी झालेल्या मादीत दिसलं, तर मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडला असण्याची शक्यता मोठी. तिला ते कळतही नाही, त्यामुळे तिच्यावर रागावणं हा अन्याय आहे. सारखं बसणं, कुंथणं, चार थेंब आणि त्यात लाली असेल, तर संशय जातो तो जंतुसंसर्ग, मूतखडा, मूत्राशयातली गाठ किंवा नरामध्ये प्रोस्टेट या मूत्राशयाजवळच्या ग्रंथीकडे. सांधे दुखतात म्हणून दारापर्यंत वेळेत पोचता येत नाही, असंही होतं.

तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे लघवीच जास्त तयार होत असेल तर, पाणी मोजा. सकाळी भांड्यात मापून पाणी ओतायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं वजा करायचं. वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने दिवसाला लिटरभराहून अधिक पाणी प्यायलं, तर ते नक्कीच जास्त आहे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात झालेला पू, यांपैकी काहीही असू शकतं. घर ओलं होतं म्हणून पाणी तोडणं मात्र धोक्याचं. मूत्रपिंड पाणी राखू शकत नसेल, तर पिणं कमी होताच शरीर कोरडं पडतं.

तपासणीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती लघवीची घनता. सकाळच्या पहिल्या लघवीचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून उजेडाकडे धरला की आकडा दिसतो. 1.030 च्या वर असेल, तर मूत्रपिंडं पाणी बऱ्यापैकी राखत आहेत. तो पुन्हा पुन्हा 1.008 ते 1.012 च्या दरम्यान येत राहिला, तर चौकशी हवीच. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, साधारणपणे मूत्रपिंडांचं तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ठळकपणे वाढत नाही. लघवी पातळ होणं बहुधा त्याआधी दिसतं.

नमुना ताजाच हवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत नंतर स्फटिक तयार होतात आणि नसलेल्या खड्यांची शंका येते. लघवीत बुडवायच्या रंग बदलणाऱ्या चाचणीपट्टीवर साखर, रक्त कळतं. पांढऱ्या पेशींचा चौकोन मात्र कुत्र्यांमध्ये भरवशाचा नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा. जंतूंच्या कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्यासाठी) पोटातून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून लघवी काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक कुत्री शांतपणे करू देतात. गाठीचा संशय असेल, तर ही सुई टाळतात, कारण तिच्या वाटेने पेशी पसरू शकतात. कल्चरआधीच अँटिबायोटिक दिलं, तर जंतू सापडत नाहीत आणि औषध बरोबर होतं की नाही हेही कळत नाही.

रक्त परत परत दिसत असेल, तर सोनोग्राफी लांबवू नका. काही प्रकारचे खडे साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत, आणि मूत्राशयातली गाठ सुरुवातीला अगदी संसर्गासारखीच वागते. अँटिबायोटिकने चार दिवस बरंही वाटतं. लघवीतल्या पेशींमधला ब्राफ नावाच्या जनुकातला बदल शोधून बऱ्याच गाठी ओळखता येतात.

आणि कुत्रं कुंथतंय पण थेंबही येत नाही, पोट ताठ आहे, उलट्या होताहेत, असं असेल तर मूत्रमार्ग तुंबला आहे असं समजा. नरांमध्ये खडा अडकून हे जास्त होतं. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी दवाखान्यात न्या.