सुऱ्याचं पाणी

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुर्ल्याला आत्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी छातीपर्यंत चढलं. ते ओसरल्यावर चिखलात आजोबांचा सुरा सापडला. राजापूरकडच्या आमच्या गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला, वीतभर पात्याचा, खैराच्या मुठीचा. आत्याने तो धुतला, पुसला, खोबरेल चोळलं आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवून दिला. गेल्या फेब्रुवारीत ट्रंक उघडली तेव्हा फडकं पात्याला चिकटून बसलं होतं आणि ओढताच गंजाचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघाले.

"अरे, तेल लावून ठेवला होता मी, तरी कसा गंजला?" आत्याने विचारलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, आणि वर्षभरात विद्यार्थ्यांकडूनही इतका चांगला प्रश्न क्वचित येतो.

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी लागतं, हे शाळेतच कळतं. पण गंजणं ही विजेची गोष्ट आहे. पात्यावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. मधलं पाणी आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, इकडून तिकडे नेतं. बॅटरीच म्हणा, पण कायमची शॉर्टसर्किट झालेली. पाणी पुसलं की ती बंद पडायला हवी. आत्याने पुसलंच होतं.

पण कुर्ल्यातून वाहणारी मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते आणि भरतीला खाडीचं पाणी आत येतं. त्या दिवशीच्या पाण्यात समुद्राचं मीठ होतं. स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. मुंबईची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे तो सुरा ट्रंकेत असूनही कधी पुरता सुकलाच नव्हता.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. मिठातलं क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचा आयन, एकदा गंजाखाली शिरलं की ते खर्ची पडत नाही. खड्ड्याच्या तळाशी लोखंड विरघळून धन भाराचे आयन जमतात. तो भार फेडायला बाहेरून ऋण भाराचं क्लोराइड आत ओढलं जातं आणि फेरस क्लोराइड, म्हणजे लोखंडाचं क्लोराइड, तयार होतं. त्याच्यावर ऑक्सिजन आणि पाण्याची क्रिया झाली की गंज बनतो आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल खालचं ताजं पोलाद खातं, त्यातून पुन्हा फेरस क्लोराइड बनतं, आणि चक्र पुन्हा सुरू. तेच क्लोराइड, तीच चिमूट, वर्षानुवर्षं पोलाद कुरतडत राहते. शिवाय गंजाचा एक प्रकार, अ‍ॅकागनाइट, आपल्या स्फटिकातल्या बोगद्यांमध्ये क्लोराइड कोंडून ठेवतो. वरून चोळलेलं खोबरेल त्या बोगद्यांपर्यंत पोचणार कसं? आत्याचं काही चुकलं नव्हतं. धुण्याचं पाणी आतपर्यंत गेलं नाही, इतकंच.

दुरुस्तीसाठी मी आधी एका दुकानात गेलो. ग्राइंडर दाखवून माणूस म्हणाला, "दहा मिनिटांत नवा करून देतो." मी सुरा परत घेऊन आलो. लोहार पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड करतो त्याला पाणी पाजणं म्हणतात. तापल्यावर कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विखुरतात, आणि अचानक थंड झाल्यावर त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनने लोखंडाच्या अणूंची जाळी ताणली जाते. तो ताण म्हणजेच पात्याचा कडकपणा. पुराचं पाणी हे पाणी उतरवू शकत नाही, कारण गंज फक्त पृष्ठभाग खातो. ते उतरतं उष्णतेने. कोरड्या ग्राइंडरखाली कागदासारखी पातळ धार क्षणात ३०० अंशांपर्यंत तापते, तिथे निळा डाग उमटतो आणि तेवढी धार मऊ पडते. जे मिठीला जमलं नाही ते दहा मिनिटांत झालं असतं.

म्हणून सावकाश. पितळी रिबिटा काढून मूठ वेगळी केली. त्या रिबिटांच्या भोवती लाकूड काळंभोर झालं होतं: खैरातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि पात्याचं लोखंड यांची शाई. सुटे पापुद्रे बांबूच्या काडीने काढले. मग पातं धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवलं. सोड्यासारख्या अल्कलीत पोलाद गंजत नाही आणि कोंडलेलं क्लोराइड हळूहळू बाहेर येतं. द्रावण दर आठवड्याला बदललं, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवून, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. प्रत्येक वेळी जुन्या द्रावणाचे थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात फसफस थांबेपर्यंत नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट घातलं; क्लोराइड असेल तर त्याने पांढरा साका धरतो. पहिल्या आठवड्यात नळीत दही लागल्यासारखं झालं. चौथ्यात नुसती धुरकट छटा. सातव्यात काही नाही.

या दिवसांत शेजारच्या काकू दोनदा सांगून गेल्या, गंजाने कापलं की धनुर्वात होतो. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जिवाणू मातीत, शेणात असतात आणि खोल जखमेतून शिरतात. पुराच्या चिखलात कापलं तर इंजेक्शन घ्यायलाच हवं, मग पातं चकचकीत असो वा गंजकं. हाच सुरा आमच्या घरी पाचवीला बाळाच्या उशाशी ठेवत, नजर लागू नये म्हणून. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळांना नेणारा खरा शत्रू बहुतेकदा धनुर्वातच असे, आणि तो शिरत असे अस्वच्छ पात्याने कापलेल्या नाळेतून. आईला दिलेल्या लसीने आणि स्वच्छ बाळंतपणाने तो इतका मागे हटला की २०१५ मध्ये भारतात माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सुऱ्याने कुणाला वाचवलं नव्हतं.

धुतलेलं पातं बल्बच्या उबेत सुकवलं आणि कडक, कोऱ्या चहाचे हात दिले. चहातल्या टॅनिनने उरलेला गंज निळसर काळा होऊन घट्ट बसला. खड्डे तसेच ठेवले, कारण ते घासून काढायचे तर निम्मं पातं गेलं असतं. धार कुरुंदाच्या ओल्या दगडावर हाताने लावली, मूठ नव्या रिबिटांनी बसवली.

मे महिन्यात आत्याने त्या सुऱ्याने कैरी चिरली. कैरीच्या रसाने धारेजवळ एक नवा काळसर डाग उमटला. तिने सुरा लगेच धुतला, पुसला, गॅसजवळ जरा वेळ उबेला धरला आणि मग खोबरेल लावलं.